दोन किलो चारशे

सणाच्या दिवशी सकाळी मी मीठ आणायला बाहेर पडले. काम एवढंच होतं. एक-एक किलोच्या दोन पिशव्या, बारीक मिठाच्या. धुकं दाट होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं अर्धं शटर वर ठेवलं होतं, ऐनवेळी काहीतरी विसरणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी. तो मला फ्रॉकात असल्यापासून ओळखतो.

"आज सगळं गाव साखर नेतंय आणि तू मीठ?" तो म्हणाला. "पाहुण्यांना पळवून लावायचा बेत दिसतोय."

मी हसले.

"दादाचं बाळ आलंय ना घरी? मुलगा ना?"

"हो," मी म्हटलं.

त्या दिवसातलं हे माझं पहिलं खोटं. काही त्रास झाला नाही. तोंडातून अगदी सहज गेलं.

तू परवा विचारलंस ना, आपण वॉर्डात नव्या आयांना बाळाला आंघोळ घालायला शिकवतो ती वाळू भरलेली बाहुली मी कधीच हातात का घेत नाही, प्रत्येक वेळी तुलाच का पुढे करते? हे त्याचं उत्तर आहे. ऐकून घे. मध्ये काही विचारू नकोस, नाहीतर माझं सांगायचं राहून जाईल.

दादाला लग्नानंतर नऊ वर्षांनी मूल झालं. मुलगा. दिवस पुरे भरले नव्हते, वजन दोन किलो चारशे. मी रजा टाकून तिकडे त्यांच्या शहरात गेले होते. घरात एक नर्स असली की सगळे तिच्या तोंडाकडे बघतात, तसे ते बघत होते, आणि मी "होईल ठीक, होईल ठीक" म्हणत होते. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या काचेच्या पेटीत त्याचा श्वास थांबला. शेवटचे कपडे मी घातले त्याला. टोपी सरळ करताना दिसलं, उजव्या कानाची वरची कड आत दुमडलेली होती, पुस्तकाच्या पानाचा कोपरा मोडावा तशी. वहिनीनं त्याला काचेतूनच पाहिलेलं, तेही टोपीसकट. दादाचं तर बघायचं धाडसच झालं नव्हतं. मी टोपी परत खाली ओढली. कुणाला बोलले नाही. सांगून काय करायचं होतं?

प्रश्न होता बाबांचा.

बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं खाली दुकान आणि वर घर. सहा वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले, तरी पुढची दोन वर्षं त्यांनी दुकान बंद केलं नाही. डोळ्यांचं काम बोटं करतात म्हणायचे, आणि करायचीही. केसाएवढी स्प्रिंग चिमटीत धरून सांगायचे, हिला पीळ पडलाय. आता मात्र ते दुकानामागच्या, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत पलंगावर पडून होते. हृदय थकलं होतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तुम्हाला वेगळं काय सांगू सिस्टर, दिवस मोजायचे."

आणि मूल झालं त्याच दिवशी दादानं आनंदाच्या भरात फोन करून त्यांना सांगून टाकलं होतं.

नंतरचं सांगायचं धाडस कुणालाच झालं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले. बाबा रोज ताईला विचारायचे, "कधी आणतायत?" माझी थोरली बहीण ती, त्यांच्याजवळ राहून सगळं करणारी. शेवटी ते म्हणाले, "सणाला आणा. एकदा हातात द्या. मग मी मोकळा."

ताईनं हे फोनवर सांगितलं तेव्हा दादानं तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "मी खोटं नव्हतो बोललो गं. बोललो तेव्हा खरं होतं ते."

मग गाठोड्याची कल्पना कुणाची, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. आम्ही सगळेच तिच्याजवळ थोडे थोडे सरकत गेलो. बाबांना दिसत नाही. कपड्यात घट्ट गुंडाळलेलं झोपलेलं मूल दोन मिनिटं हातात द्यायचं आणि उचलून घ्यायचं. म्हातारा माणूस समाधानानं जाईल. आणि असं मूल बनवणार कोण? मीच. माझ्या हातांना वजन माहीत होतं.

दादा आणि वहिनी आदल्या संध्याकाळी गाडीनं आले. वहिनीला एकटीला ठेवणं शक्यच नव्हतं. तिला दादानं वाटेत सगळं सांगितलं होतं. ती जिना चढता चढता थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय करायचं ते करा, वन्सं. मी खाली येणार नाही." तिचं दूध अजून आटलं नव्हतं. गोळ्या चालू होत्या, तरी दर तीन तासांनी तिला कपडे बदलावे लागत होते.

तर मीठ घेऊन मी घरी आले. स्वयंपाकघरात ताईची धावपळ चालू होती, शेगडीवर दोन भांडी, खिडकीचं तावदान वाफेनं पांढरं झालेलं. टेबलाचा एक कोपरा मोकळा करून मी कामाला लागले. मिठाच्या दोन पिशव्या एका मऊ टॉवेलमध्ये. वरच्या बाजूला गरम पाण्याची छोटी रबरी पिशवी, जेमतेम कपभर पाणी घातलेली, पोटाची ऊब यावी म्हणून. लोकरीच्या मोज्यांचा गोळा करून डोकं केलं, त्यावर टोपी. ती टोपी त्याचीच होती, दुसरी, न वापरलेली. मग तलम कापड, त्यावर दुपटं. ताईच्या वजनकाट्यावर ठेवलं. दोन किलो तीनशे ऐंशी. पिशवीत दोन घोट पाणी आणखी घातलं.

दोन किलो चारशे.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, दारात उभे राहून बघत होते. साधा माणूस, पोस्टात होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घसा खाकरून म्हणाले, "मोबाइलवर रडण्याचा आवाज मिळतो म्हणे. हळूच लावला तर जरा..."

"भाऊजी!" मी अशी ओरडले की ताईच्या हातून झाकण पडलं.

"नाही, नाही. आपलं सुचलं म्हणून म्हटलं." बिचाऱ्यांनी खिशातला फोन काढला, माझ्यासमोर बंद केला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला.

बारा वाजता आम्ही बाबांच्या खोलीत गेलो. पानं तिथेच मांडायची ठरलं होतं. जेवणाचं टेबल उचलून आत आणलं होतं, ताईनं पांढरी चादर अंथरली होती, खिडकीला दिव्यांची माळ लावली होती. कुणासाठी, कोण जाणे. त्या खोलीला औषधांचा वास होता, आणि त्याखाली घड्याळाच्या तेलाचा; तो चार वर्षांत गेला नव्हता. बाबांची दाढी करून, केस विंचरून ताईनं त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं. त्यांनी आमची पावलं ओळखली आणि दोन्ही हात पुढे केले.

मी गाठोडं त्यांच्या हातात ठेवलं.

त्यांची बोटं दुपट्याच्या कडेवरून फिरली, थांबली, परत फिरली. चाळीस वर्षं ज्या बोटांनी नजरेला न दिसणारे दोष शोधले, त्यांना आम्ही दोन पिशव्या मिठानं फसवायला निघालो होतो. बाबांचा चेहरा आधी उजळला होता, तो हळूहळू घट्ट होत गेला. ओठ मिटले. असा चेहरा मला माहीत होता. गिऱ्हाईक खोटं घड्याळ खरं म्हणून दुरुस्तीला आणायचं ना, तेव्हा तो असा व्हायचा.

"झोपलाय," मी म्हटलं. "बाबा, आता द्या इकडे. पाळण्यात ठेवते."

"राहू दे," ते म्हणाले.

दोन मिनिटांची पाच झाली, पाचांची पंधरा. बाबा गाठोडं सोडेनात. मान खाली घालून बसले होते, ओठ मात्र हलत होते, मनाशी काही म्हणत असल्यासारखे. मी दादाकडे पाहिलं. त्यानं खांदे पाडले. मग ताई म्हणाली, जेवण निवतंय, आणि आम्ही बसलो.

ते जेवण मी विसरणार नाही. सुरुवातीला फक्त भांड्यांचा आवाज. मग बाबांनी विचारलं, "कुणावर गेलाय?" दादाचा घास हातातच राहिला. ताई सावरून म्हणाली, "नाक दादावर गेलंय, बाबा. बसकं." भाऊजी म्हणाले, "कपाळ मात्र तुमचं. आत्तापासून आठ्या." बाबा हसले. दादाही हसला, कितीतरी दिवसांनी, आणि म्हणाला, "आवाज आईचा घेतलाय. सगळा मजला जागा करतो." मग काय, सुटलोच आम्ही. तो अमक्याकडे बघून हसतो, तमक्याच्या हातात गेला की रडतो, आंघोळीच्या वेळी पाय झाडतो. एक बोलायचं, दुसऱ्यानं पुढे न्यायचं. खोलीत आनंद होता, तुला खोटं वाटेल, पण खराखुरा. तासभर आमच्या घरात एक मूल होतं. मीही बोलत होते. दुपटं कुणी विणलं, टोपी कुठून आणली, सगळं.

"उचकी लागलीय ह्याला," बाबा म्हणाले.

आम्ही हसलो.

"टोपी घट्ट होतेय का गं?" त्यांनी टोपीखाली बोट सरकवलं. "उजवा कान दुमडलाय ह्याचा. वरची कड... आत गेलीय."

सगळे हसतच होते. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला होता. तो मी खाली ठेवला, पण कुठे ठेवला ते बघितलं नाही, चादरीवर पाणी सांडलं. ताई म्हणाली, "काय गं, लक्ष कुठाय?"

मी बाबांकडे बघत राहिले. त्यांनी गाठोडं वर उचलून कानाशी धरलं होतं, दुकानात घड्याळ धरायचे तसं. डोळे मिटलेले. आणि मोकळ्या हाताच्या नखानं पलंगाच्या लोखंडी कठड्यावर ठोके द्यायला लागले. टिक-टिक, टिक-टिक, टिक-टिक.

"मनगटी घड्याळाच्या निम्म्याला जरा कमी," ते पुटपुटले. "पण पडतायत बरोबर. एकही चुकत नाही."

मी पंधरा वर्षं तान्ह्या मुलांच्या वॉर्डात आहे. हे ठोके मला झोपेतही ओळखू येतात. मिनिटाला एकशे चाळीस. तुझे-माझे असे पडत नाहीत. बाबांना कोण सांगणार होतं हे?

मी उठले. "बाबा, द्या आता. दमलात तुम्ही." मी हात घातला. जेवण सुरू होऊन दीड तास झाला होता. रबरी पिशवीतलं पाणी कधीच गार व्हायला हवं होतं. गाठोडं गरम होतं. पाण्याची ऊब नाही ती, सगळीकडून सारखी असणारी. ही एका बाजूला, मानेपाशी, जास्त होती, आणि दमट. मी हात काढून घेतला.

बाहेर धुकं खिडकीला येऊन टेकलं होतं. दुपारीच अंधारून आलं होतं. दिव्यांच्या माळेचा उजेड टेबलावर पडला होता.

आणि मग ते रडलं.

मोठ्यानं नाही. भूक लागलेलं मूल आधी कुरकुरतं, मग थांबतं, कुणी येतंय का बघतं, मग पुन्हा. तसं.

आम्ही तिघांनी भाऊजींकडे पाहिलं. दादा तर उठून उभाच राहिला, मुठी वळून. "भाऊजी, हे काय..."

भाऊजींनी दोन्ही हात वर केले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मी नाही... दादा, शप्पथ... तो बघा... तो तिकडे आहे." स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून कट्टा दिसत होता. फोन तिथेच होता. बंद. काळा.

कुरकुर थांबली. मग पुन्हा सुरू झाली, जरा चढून. आवाज बाबांच्या मांडीवरून येत होता.

वर दार उघडलं. जिन्यावर अनवाणी पावलं वाजली. दिवसभर जी खाली आली नव्हती, ती वहिनी दारात उभी होती. केस सुटलेले, अंगावरचा झगा छातीपाशी दोन्हीकडे ओला. तिनं आमच्यापैकी कुणाकडेच पाहिलं नाही.

"द्या इकडे," ती म्हणाली. "भूक लागलीय त्याला."

"अगं..." दादा पुढे झाला. "अगं, ते..." पुढे त्याला बोलता येईना. बाबा ऐकत होते. त्यानं तिचा दंड धरला. तिनं तो शांतपणे सोडवून घेतला.

गाठोडं तिला बाबांनी दिलं. मान धरून, जसं द्यायचं असतं अगदी तसं.

ती खिडकीजवळच्या खुर्चीत आमच्याकडे पाठ करून बसली. रडणं थांबलं. आणि मग तो आवाज यायला लागला. तुला माहीतच आहे. आधी भराभर ओढणं, मग लय लागते, दोनदा ओढायचं आणि एकदा गिळायचं. गिळताना नाकातून येणारा छोटासा सुस्कारा. ताई तोंडात पदराचा बोळा कोंबून स्वयंपाकघरात पळाली. भाऊजी तिच्या मागे. दादा भिंतीला टेकून खाली बसला, डोकं गुडघ्यात घालून. मला वाटलं होतं तो रडतोय. पण नाही. तो ऐकत होता.

"पोरी," बाबांनी मला हाक मारली. "जवळ ये."

मी त्यांच्या तोंडाशी कान नेला.

"मीठ घातलंयस ना?"

मी पलंगाची कड धरली.

"हातात घेताच कळलं होतं. सरकतं ते आतल्या आत. मला फार राग आला. मग समजलं... नातू नाही राहिला. तुम्ही सांगायला घाबरलात." ते थांबून थांबून बोलत होते, दर शब्दाला श्वास लागत होता. "मग मी त्याला म्हटलं, ये रे. एकदा येऊन जा. एवढे दिवस थांबलोय. म्हणतच राहिलो. तुम्ही जेवायला बसलात, गोष्टी सांगायला लागलात... नाक असं, कपाळ असं... आणि ते हललं."

"बाबा..."

"बोलावलं मी, पोरी. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला... आणलंत." त्यांची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली. "पण परत कसं पाठवायचं... ते मला नाही ठाऊक."

खिडकीकडे गिळण्याचा आवाज मंद होत गेला. वहिनीनं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि पाठ थोपटायला लागली.

बाबा त्याच संध्याकाळी गेले, दिवेलागणीला. घरात गडबड उडाली, शेजारी आले, फोनाफोनी, डॉक्टरांचा कागद. मरण घरात आलं की माणसाला कामं देतं, आणि आम्ही ती आनंदानं केली. वरच्या खोलीकडे कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आंघोळीला गेली तेव्हा मी वर गेले. पलंगाच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना उशा लावून, ते ठेवलेलं होतं. मी दुपटं सोडलं. कापड सोडलं. टॉवेल उघडला. मोज्यांचा गोळा, रबरी पिशवी, मिठाच्या दोन पिशव्या, मी ठेवल्या होत्या तशाच. गार. दुसरं काही नाही. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं हसले. दमलेल्या माणसांना भास होतात. वहिनीच्या मनाला काय वाटलं ते तिच्या शरीरानं केलं. बाबांचा मेंदू शेवटाला भरकटला. ही सगळी उत्तरं मला तयार मिळाली, एकेक. कानाचं मी झोपेत बडबडले असेन. ठोके... ठोक्यांचंही काहीतरी असेलच.

पण हाताची सवय वाईट. मी ते सगळं परत गुंडाळून खाली नेलं आणि काट्यावर ठेवलं.

दोन किलो चारशे तीस.

मीठ ओल धरतं. धुक्याचे दिवस होते. हे मी स्वतःला लगेच सांगितलं. पण रोजचे तीस ग्रॅम, हा आकडा तू आणि मी रोज वॉर्डाच्या तक्त्यावर लिहितो. अंगाला लागणाऱ्या मुलाचं वजन तेवढंच वाढतं.

मी गाठोडं सोडून मिठाची पिशवी उचलली. मोरीत मीठ ओतायचं, पाणी सोडायचं, एका मिनिटाचं काम. कात्री हातात घेतली. मागे चाहूल लागली. वहिनी ओल्या केसांनी उभी होती. रागावली नव्हती, रडत नव्हती. माझ्याकडे बघून तिनं फक्त हात पुढे केले.

"राहू द्या, वन्सं," ती म्हणाली. "गार पडलाय तो. तुम्ही उघडा ठेवलात ना."

मी दिलं. काय करणार होते मी? तू असतीस तर कात्री चालवली असतीस?

जाताना गाडीत बसायच्या आधी दादानं मला बाजूला घेतलं. "थोडे दिवस राहू दे तिच्याजवळ," तो म्हणाला. "मन शांत झालं की मीच हळूच काढून घेईन. डॉक्टरलाही दाखवतो." तो शहाणा माणूस होता. विजेच्या कंपनीत होता, तारेत करंट आहे की नाही ते तपासल्याशिवाय हात न लावणारा. मला त्याच्या शब्दाचा भरवसा वाटला.

पुढे फोनवर बोलणं व्हायचं. वहिनी बरी आहे, म्हणायचा. जेवते, झोपते. बाकी काही विचारलं की म्हणायचा, "चाललंय." हळूहळू तो फोनवर हळू आवाजात बोलायला लागला. मी विचारलं, घसा बसलाय का? नाही म्हणाला.

वर्ष होत आलं. पुढच्या सणाला ताईनं सगळ्यांना बोलावलं, बाबांनंतरचा पहिलाच सण. दादा म्हणाला, "आम्ही नाही येत यंदा. इथंच करू. बाहेर नेलं की लोक उगाच विचारतात." मी विचारलं, "कुणाला नेलं की?" त्यानं फोन ठेवला होता.

सणाआधी दोन दिवस मी न कळवता गेले. भरदुपारी. दार दादानंच उघडलं. बारीक झाला होता, पण चेहरा वाईट नव्हता. नीट दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मला बघून त्याला बरं वाटलं, खरंच. पण आधी ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ताच झोपलाय," तो कुजबुजला. "हळू ये."

बाहेरची खोली स्वच्छ होती. टेबलांच्या टोकदार कोपऱ्यांना कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. खालचे सगळे प्लग टेपनं बंद केलेले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी तिकडे पाहिलं नाही. विचारायचं म्हणून घरून दहा गोष्टी घोकून आले होते, त्यातली एकही आठवेना.

"हाताला काय झालं?" एवढंच विचारलं. त्याच्या उजव्या तर्जनीला चिंधी गुंडाळलेली होती, तिला रक्ताचा डाग होता.

"काही नाही गं." तो हसला, जरा लाजल्यासारखा. "बोट धरतो आणि थेट तोंडात. आता ओरडता तरी कसं येणार त्याच्यावर?"

"दाखव."

सवय. जखम दिसली की माझे हात आपोआप पुढे होतात. पर्समध्ये कापूस आणि औषध असतंच. मी त्याला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि चिंधी सोडली. बोट सुजलं होतं. मी औषधात कापूस बुडवून हलक्या हातानं रक्त टिपलं, म्हणजे खुणा नीट दिसाव्यात.

बारीक होत्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या रुंद, एकमेकींना चिकटून. बोटाच्या खालच्या बाजूला दोन, वरच्या बाजूला दोन.

मी मनातल्या मनात महिने मोजले. त्या दुपारपासून बारावा संपत आला होता. या वयाला तेवढेच आलेले असतात.